विजयदुर्गच्या बंदरात बोटीवर राहून मुक्काम करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तीस फुटांची शिडाची बोट, बोटीवर आपण, आपल्या पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी, जानेवारीत मुंबईहून गोव्याकडे जाताना विजयदुर्गला चार-पाच दिवस थांबायचे आहे, आणि किनाऱ्यावर खोली न घेता बोटीवरच राहायचे आहे. नांगर कुठे टाकावा, पाण्याची व जेवणाची सोय कशी करावी आणि गावात ये-जा कशी ठेवावी, असे आपण विचारले आहे. मी गेली वीस-बावीस वर्षे दर हिवाळ्यात दोन-तीन महिने बोटीवर काढते आणि विजयदुर्गला माझे दहा-बारा मुक्काम झाले आहेत. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की कोकणातल्या लहान बंदरात मरीना नसते. धक्क्याला बोट बांधून नळ आणि विजेची तार जोडावी, अशी सोय आपल्या देशात कोचीसारख्या अगदी मोजक्या ठिकाणी आहे. विजयदुर्गचा धक्का मासेमारी करणाऱ्यांचा आहे आणि तिथले पाणी म्हणजे त्यांची कामाची जागा आहे. म्हणून नांगर कुठे टाकावा याचे उत्तर नकाशावरच्या खोलीत अर्धेच मिळते. उरलेले अर्धे उत्तर रात्री त्या जागेवरून कोण जाते, यात असते. हे मी एका फजितीतून शिकले. माझ्या दुसऱ्या मुक्कामात संध्याकाळी एक सुरेख, मोकळी, पुरेशा खोलीची जागा पाहून मी नांगर टाकला आणि इतक्या बोटी असताना ही जागा रिकामी कशी, असा प्रश्न स्वतःला विचारला नाही. पहाटे तीनच्या सुमारास एकामागून एक इंजिने सुरू झाली, आणि एका तांडेलाने (मच्छीमार बोटीच्या म्होरक्याने) माझ्या बोटीपासून चार हातांवर आपली बोट थांबवून शांतपणे सांगितले, "बाई, हय नांगर टाकू नका, ही आमची वाट आसा." अंधारात, झोपेतून उठून, सगळी साखळी ओढून जागा बदलताना त्या वाक्याचा अर्थ नीट उमगला. तेव्हापासून मी नवीन बंदरात शिरले की आधी इंजिनावर एक संथ फेरी मारते आणि धक्क्यावर किंवा नांगरलेल्या बोटीवर जो कोणी जाळे विणत बसला असेल त्याला विचारते की रात्री बोटी कुठून जातात. खोली विचारायची नाही, वाट विचारायची. खोली तो आपणहून सांगतो.

आता बंदराविषयी. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावर आहे. समोरचा उत्तर काठ रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात मोडतो. किल्ल्याचा डोंगरी सुळका समुद्रात पुढे आलेला असल्यामुळे त्याच्या पूर्वेला आत जी जागा तयार होते तिला नैर्ऋत्येच्या लाटांपासून उत्तम आडोसा मिळतो. बाणकोट किंवा दाभोळसारख्या अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये विजयदुर्गचे वर्णन मात्र दांडा नसलेले, कोणत्याही हवेत आत शिरता येईल असे बंदर, असे केलेले आहे. आंग्र्यांनी आपले आरमार इथे का ठेवले असेल हे आत शिरताच लक्षात येते. त्याच आरमाराची दुसरी बाजूही नाविकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांजवळ बांधलेली होती, एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती पसरत जाऊन बहुतेक आरमार जळाले. मच्छीमारांच्या बोटींच्या ओळीला आपली बोट बांधण्याचे आमंत्रण कधी कधी मोठ्या प्रेमाने मिळते, पण मी ते घेत नाही. आगीची भीती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की त्यांच्या लाकडी किंवा फायबरच्या जड बोटी आणि आपली हलकी बोट एकाच लाटेवर वेगवेगळ्या लयीत हलतात आणि त्यात नुकसान आपल्याच बोटीचे होते.

येण्याची वेळ दिवसाउजेडाचीच ठेवावी. रत्नागिरीहून विजयदुर्ग साधारण पंचवीस ते अठ्ठावीस सागरी मैल आहे, म्हणजे ताशी पाच मैलांच्या वेगाने पाच ते साडेपाच तास लागतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो धरून सहाच्या आत निघाल्यास शीड बाजूच्या वाऱ्यावर छान चालते. नऊ-दहाच्या सुमारास वारा पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. या हिशोबाने आपण अकरा-बाराच्या दरम्यान खाडीच्या तोंडाशी पोहोचता, वारा अजून वाढलेला नसतो आणि सूर्य डोक्यावर आलेला असतो. सकाळी लवकर पश्चिमेकडून आत येताना सूर्य थेट डोळ्यांवर असतो आणि जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. किल्ल्याच्या पश्चिम बाजूला मात्र भरपूर अंतर राखावे, कारण तिथे खडक आहेत. शिवाय पाण्याखाली सुमारे सव्वाशे मीटर लांबीची ती प्रसिद्ध भिंत आहे, जिची पाहणी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली आहे. शत्रूच्या जहाजांचे तळ फुटावेत म्हणून ती बांधली, असे सांगितले जाते. ती कोणी आणि का बांधली हा वाद अभ्यासकांवर सोडून आपण तिच्यापासून लांब राहावे, एवढे पुरे. डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा जवळ असावा. मोबाइलमधला नकाशा सोबतीला ठीक आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर किल्ल्याला वळसा घालू नये.

यानंतरचा विषय भरतीचा. या मुक्कामातल्या बहुतेक अडचणी आणि बहुतेक सुखे त्याच्यावरच अवलंबून असल्याने त्यावर थोडे जास्त लिहिते. आपण मुंबईत बोट चालवत आला आहात, त्यामुळे उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, साडेतीन-चार मीटर पाणी चढते-उतरते याची आपल्याला सवय आहे. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. विजयदुर्गला उधाणाच्या दिवसांत तो साधारण दोन मीटरांच्या आसपास असतो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो तास भरतीचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशोब मुंबईच्या आसपास बराच जमतो. विजयदुर्गला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. अचूक वेळेसाठी छापील कोष्टक वापरावे. तिथीचा हिशोब कोष्टक उघडण्यापूर्वी मनात चित्र उभे करण्यासाठी आहे.

त्या चित्राचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर येते आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे आपण दुपारी ऐन भरतीत डिंगीने (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीने) आरामात उतरता, किल्ला पाहता, संध्याकाळी परतता, तेव्हा दुपारी जिथे पाणी होते तिथे गुडघाभर चिखल असतो आणि कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले खडक उघडे पडलेले असतात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. रबरी डिंगीचा तळ त्यावर एकदा घासला की दुरुस्तीचे काम निघालेच, आणि अनवाणी पायाचे काय होते ते सांगायला नको. याउलट अष्टमीच्या आसपास भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते, ओहोटी भर दुपारी, आणि पाण्याची चढउतारही कमी. सकाळी भरल्या पाण्यात उतरावे, दुपार गावात काढावी, संध्याकाळी भरल्या पाण्यात परतावे. सोबत मुलगी असताना तर मी निःसंकोच सांगेन की षष्ठी-सप्तमीला पोहोचून दशमीच्या सुमारास निघता येईल असा मुक्काम ठरवावा. पौर्णिमेच्या चांदण्यात बंदर फार सुंदर दिसते हे खरे, पण ते चांदणे संध्याकाळच्या चिखलाची भरपाई करीत नाही.

नांगराच्या साखळीचा हिशोबही भरती धरूनच करावा. समजा आपण ओहोटीला चार मीटर पाणी असलेली जागा निवडली, वर दोन मीटर भरती आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची) उंची एक मीटर, म्हणजे एकूण सात मीटर. तळ चिखलाचा असेल आणि सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर, हे मी किमान मानते. रात्रीसाठी किंवा दोर आणि साखळी मिळून वापरत असाल तर सातपट, म्हणजे एकोणपन्नास मीटर. नांगर टाकल्यावर इंजिन मागे टाकून तो रुतला आहे की नाही याची खात्री करावी आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्धा तास तरी पाहत राहावे. खाडीत एक गोष्ट मोकळ्या किनाऱ्यापेक्षा वेगळी असते. दुपारी वारा वायव्येकडून आत येत असतो आणि त्याच वेळी ओहोटीचे पाणी बाहेर जात असते, तेव्हा बोट वाऱ्याला तोंड न करता ओढीच्या आणि वाऱ्याच्या मध्ये कुठेतरी आडवी राहते आणि डुलते. शेजारची जड मच्छीमार बोट ओढीवर उभी राहते, आपली उंच कठड्याची बोट वाऱ्यावर. म्हणून दोन बोटींच्या साखळ्यांची वर्तुळे एकमेकांत शिरत असतील तर ती जागा सोडावी, भले त्या क्षणी अंतर पुरेसे दिसत असो. हे आडवे डुलणे तासा-दोन तासांचे असते. त्या वेळी चहा ठेवू नये, हा अनुभवाचा सल्ला.

रात्रीच्या दिव्याविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नियमाप्रमाणे नांगरलेल्या बोटीवर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा हवा, आणि बहुतेकांचा तो डोलकाठीच्या टोकावर असतो. दहा-बारा मीटर उंचीवरचा तो दिवा पहाटे निघालेल्या लहान बोटीवरच्या सुकाणूवाल्याला एखाद्या ताऱ्यासारखा किंवा समोरच्या काठावरच्या घराच्या दिव्यासारखा वाटतो. त्याची नजर पाण्याच्या पातळीवर असते. म्हणून वरच्या दिव्याबरोबर कठड्याच्या उंचीवर आणखी एक मंद दिवा, बोटीच्या अंगावर उजेड पडेल असा, मी रात्रभर ठेवते. जानेवारीत पहाटे खाडीवर धुके उतरते तेव्हा तर त्याची किंमत फारच वाढते.

आता कागदपत्रे. १९९३ आणि २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर अनोळखी बोटीकडे संशयाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. बंदरात आल्यावर कोणी विचारायला येईपर्यंत थांबू नये. नांगर नीट बसला की पहिल्या फेरीतच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे जाऊन स्वतः नोंद करावी. बोटीची नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना, प्रत्येकाचे ओळखपत्र आणि बोटीवरील व्यक्तींची यादी, यांच्या तीन-चार प्रती आधीच काढून ठेवाव्यात, कारण बोटीवर झेरॉक्स यंत्र नसते आणि गावातले ज्या दिवशी हवे त्या दिवशी बंद असते. निघण्यापूर्वी प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांना पत्राने कळवलेले असेल तर बोलणे सोपे जाते. एकदा एका बंदरात, नाव सांगत नाही, एका कर्मचाऱ्याने खासगी बोटीसाठी कोणता अर्ज लागतो हे ठरवण्यात माझी अख्खी सकाळ घालवली. माझ्याकडे आधीच्या बंदराची पावती होती, तिच्यावरून अखेर प्रश्न सुटला. म्हणून प्रत्येक बंदराची पावती जपून ठेवावी. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण परवान्याशिवाय बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या मित्राने भेट दिलेले असले तरी ते बोटीवर नसावे. रेडिओचा चॅनेल १६ सतत चालू ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन क्रमांक कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावेत.

पाण्याचा प्रश्न आपण विचारला आहे त्यापेक्षा सोपा आहे, जर रत्नागिरीहून टाकी भरून निघालात तर. तीन माणसांना, थोडी शिस्त पाळल्यास, पिणे, स्वयंपाक आणि अंघोळीचे अंगावर ओतायचे पाणी मिळून माणशी रोज बारा लिटर पुरतात. दिवसाला छत्तीस, पाच दिवसांना एकशे ऐंशी लिटर. दोनशे लिटरची टाकी असेल तर गावाचे पाणी घ्यावेच लागत नाही. जानेवारीत कोकणातल्या विहिरींना पाणी असते, पण एप्रिल-मेमध्ये त्याच गावांत लोक हंड्यांसाठी थांबलेले असतात, त्या दिवसांत बोटीसाठी पाणी मागणे मला तरी जमत नाही. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवावा, मात्र हे खारे पाणी खाडीतले नसावे. बंदराच्या पाण्यात गाळ असतो आणि डिझेलचा तवंग असतो. येतानाच मोकळ्या समुद्रात दोन कॅन भरून घ्यावेत. बर्फ मासळीच्या लिलावाच्या ठिकाणी मिळतो आणि भाजीच्या पेटीसाठी तो उत्तम आहे, पण तो मासे थंड ठेवण्यासाठी बनवलेला असतो. सरबतात घालू नये.

संडासाच्या टाकीविषयी कोणी विचारीत नाही, म्हणून मीच सांगते. नांगरल्या जागी ती रिकामी करणे सर्वस्वी अयोग्य आहे. ओहोटीला याच काठावर बायका मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले वेचतात, मुले पोहतात. टाकी भरली की सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडून किनाऱ्यापासून पुष्कळ दूर जावे, काम उरकावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यावे. मुलीला शीड हाताळायला द्यायची तर हीच उत्तम संधी असते. प्लास्टिक मात्र कुठेही समुद्रात टाकू नये आणि गावातही देऊ नये, कारण लहान गावाकडे त्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था नसते. ते धुऊन, दाबून, पोत्यात भरून गोव्यापर्यंत न्यावे.

गावात ये-जा करताना डिंगी कुठे बांधावी, हा प्रश्न पुन्हा भरतीकडेच नेतो. माझ्या एका पाहुण्याने भरल्या पाण्यात धक्क्याच्या कड्याला डिंगी आखूड दोराने बांधली. चार तासांनी आम्ही परतलो तेव्हा ती नाकावर टांगलेली होती आणि इंजिन पाण्यात नाक खुपसून बसले होते. दोर लांब असावा, आणि डिंगी पायऱ्यांच्या समोर न बांधता बाजूला बांधावी, कारण पायऱ्यांवर मासळीच्या टोपल्या उतरतात. धक्क्यावरच्या कोणाला तरी सांगून जावे. बहुधा पहिला प्रश्न येतो, "खंयसून इलास?" त्याचे उत्तर घाईने एका शब्दात देऊ नये. मुंबईहून कधी निघालात, वाटेत कुठे थांबलात, वारा कसा मिळाला, हे ऐकण्यात त्यांना खरा रस असतो, कारण बोटीतला माणूस बोटीतल्या माणसालाच विचारत असतो. इथल्या गाबीत (मच्छीमार समाजाच्या) वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आगबोटींचे दिवस आठवतात. मुंबई-गोवा बोट बाहेर थांबायची आणि पडावातून माणसे व सामान किनाऱ्यावर यायचे. समुद्रावरून आलेल्या पाहुण्याची या गावाला सवय आहे, फक्त मधली काही दशके ती मोडली आहे.

मासे लिलावात घेऊ नयेत. तिथे टोपल्यांचा घाऊक व्यवहार चालतो आणि आपण मध्ये उभे राहिलो तर केवळ अडथळा होतो. लिलाव आटोपल्यावर बायका बाजूला वाटे लावून बसतात, त्यांच्याकडे बांगडा किंवा सौंदाळे घ्यावेत. तीन माणसांना एक वाटा भरपूर होतो आणि बोटीच्या एका शेगडीवर सुरमईच्या तुकड्यांपेक्षा बांगड्याचे तिखले सोपे पडते. साफ करून मागावे, म्हणजे खवले आणि आतडी बोटीवर येत नाहीत. डाळ, तांदूळ, कांदे, अंडी गावातल्या दुकानांत मिळतात. डिझेल किंवा एखादा सुटा भाग हवा असल्यास एसटीने अथवा रिक्षाने पडेल कॅन्टीन, देवगड किंवा महामार्गावरच्या तळेऱ्याच्या दिशेने जावे लागते आणि त्यात दिवस जातो. यासाठी इंधनाचे गाळणे, पंपाचा रबरी पंखा आणि पट्टा यांचे दोन-दोन जादा नग मुंबईहूनच न्यावेत.

किल्ल्याला एक पूर्ण सकाळ द्यावी. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यात विजयदुर्ग आहे. शिलाहार राजा दुसरा भोज, मग आदिलशाही, १६५३ मध्ये शिवाजी महाराज, पुढे आंग्रे, अशी त्याची परंपरा सर्वत्र वाचायला मिळते. मी एवढेच सुचवेन की तटावरून आपली नांगरलेली बोट शोधावी आणि खाडीचे तोंड, आतली जागा, वाऱ्याची दिशा हे सगळे वरून पाहावे. मुलीला भूगोलाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही. दुसरा दिवस गिर्ये-रामेश्वरकडे द्यावा. खडकातून खोदलेल्या वाटेने रामेश्वराच्या देवळात उतरता येते आणि त्याच परिसरात, खाडीच्या एका फाट्यावर, खडकात कोरलेली आंग्र्यांची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळ दुरुस्त करायचा, हे तिचे तत्त्व आजही तसेच्या तसे दिसते. बोटीचा तळ स्वतः खरवडणाऱ्या माणसाला ती गोदी किल्ल्यापेक्षाही अधिक भिडते, असे माझे मत आहे. ओहोटीच्या वेळी जावे, म्हणजे तळ दिसतो.

या दिवसांत आसपासच्या गावांत जत्रा असतात आणि रात्रभर दशावतार चालतो. जरूर जावे, पण एका प्रौढ व्यक्तीने बोटीवर राहावे आणि आळीपाळीने जावे. नांगरलेली बोट रात्री पूर्ण रिकामी सोडू नये, चोरीच्या भीतीने नव्हे, तर नांगर सरकला तर साखळी सोडायला कोणीतरी हवे म्हणून.

हवामानाविषयी थोडे. सप्टेंबरपासून पंचवीस मेपर्यंतचा काळ लहान बोटींसाठी खुला मानला जातो आणि जानेवारी त्यातला सर्वांत शांत महिना. पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळे होतात हे विसरू नये. नोव्हेंबर २००९ च्या फयानने याच किनाऱ्यावर अनेक मच्छीमारांचे जीव घेतले, आणि डिसेंबर २०१७ च्या ओखीच्या वेळी केरळ व तमिळनाडूच्या बोटी देवगडला आश्रयाला आल्या होत्या. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला, किंवा दुपारच्या वेळी सगळ्या बोटी एकदम परत येऊन खाडीत आत सरकू लागल्या, तर हवामान खात्याचे पत्रक नंतर वाचावे आणि आधी त्यांच्यामागे आत जावे. पुढच्या टप्प्यासाठी देवगड अकरा-बारा मैलांवर आहे, आडोसा चांगला पण गर्दी फार. मालवणला खडक इतके आहेत की पहिल्यांदा जाताना स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय मी आत शिरण्याचा सल्ला देणार नाही.

निघण्याचा दिवस दशमीच्या आसपासचा ठेवलात तर भरती पहाटे सातच्या सुमारास पूर्ण होईल. तेव्हा पाणी थबकलेले असताना साखळी वर घ्यावी, ओढ नसल्याने ती सरळ उभी येते, आणि प्रत्येक मीटर चढताना बादलीने चिखल धुऊन घ्यावा, कारण विजयदुर्गचा तो काळा चिखल एकदा साखळीच्या कप्प्यात गेला की गोव्यापर्यंत बोटीला वास येत राहतो. साखळी धुऊन होईपर्यंत ओहोटीची ओढ लागलेली असते आणि मतलई वारा अजून पडलेला नसतो. इंजिन मंद ठेवून मच्छीमारांच्या वाटेनेच, त्यांच्या मागोमाग, बाहेर पडावे, आणि किल्ला डाव्या हाताला पुरेसा मागे पडेपर्यंत दक्षिणेकडे वळू नये.